कडी वाजली की पोटात गोळा का येतो?

मागच्या वर्षावासात आमच्या मंगळवार पेठेतल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालू होते. एका रविवारी पाऊस फार होता, माणसे कमी होती. म्हणून वाचन थोडे बाजूला ठेवून आम्ही बाबासाहेबांच्या लहानपणीचा मसूर स्टेशनचा प्रसंग सांगितला. सांगून झाल्यावर मागे भिंतीला टेकून बसलेले एक गृहस्थ उठले. वय पन्नाशीच्या आसपास, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम, वस्तीत कडक माणूस म्हणून ओळख. ते म्हणाले, “बाबासाहेबांचं ऐकलं आणि माझं एक आठवलं. माझा बा दारू पिऊन रात्री यायचा. कडी वाजली की आम्ही भावंडं गोधडीत तोंड घालून पडायचो. बा जाऊन आता वीस वर्सं झाली. पण रात्री कडी वाजली की माझ्या पोटात आजबी गोळा येतोय.”

त्यांच्या मंडळी बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. त्या तिथूनच बोलल्या, “म्हणून व्हय? पोरगं ड्यूटीवरनं रात्री अकराला येतंय, कडी वाजवतंय, आणि हे ताटावरनं उठून त्याच्या अंगावर धावून जातात. पोरानं आता घरात जेवायचंच सोडलंय.”

विहारात कुणी काही बोलेना. मग एक आजी म्हणाल्या, “आम्हाला बी मार बसलाच की. आम्ही काय बिघडलो?”

दोघांचेही म्हणणे आम्हाला खरे वाटले आणि त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. या पानावर आजवर आम्ही साखर, बीपी, क्षयरोग, बाळंतिणीचा आहार यांवर लिहिले. मनाच्या दुखण्यावर लिहायचे राहून गेले. त्या गृहस्थांची परवानगी घेऊन, ओळख पटू नये म्हणून दोन-चार गोष्टी बदलून, आता लिहीत आहोत.

मसूरचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, तरी त्यातल्या बारकाव्यांसाठी पुन्हा सांगतो. साल १९०१. भीमराव नऊ-दहा वर्षांचे. आई भीमाबाई जाऊन काही वर्षे झालेली. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार. घर साताऱ्यात, मुलांना सांभाळायला आत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी मुलांना बोलावले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे असा थाट करून भीमराव भावाभाच्यांसोबत आगगाडीने निघाले आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मसूरला उतरले. न्यायला कुणी आले नव्हते, कारण पत्र घेतलेला गडी ते वडिलांना द्यायचे विसरला होता. कपडे बघून स्टेशनमास्तर आधी गोड बोलला. मुलांनी जात सांगताच त्याचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार या अटीवर. डब्यात जेवण होते, पण प्यायला पाणी नव्हते. मध्यरात्री टोलनाक्यावर पाणी मागितले तर मिळाले नाही. पोरे तहानलेली, उपाशी झोपली.

हे बाबासाहेबांनी लिहिले ते तीस-पस्तीस वर्षांनंतर. ती आत्मकथनपर टिपणे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने पुस्तिकारूपात छापली. तोवर ते कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आलेले होते, बॅरिस्टर झालेले होते, महाडचे पाणी त्यांनी पेटवलेले होते. तरीही त्या संध्याकाळच्या टोप्यांची जर, गाडी किती वाजता पोचली, स्टेशनमास्तर आधी काय बोलला आणि मग कसा बदलला, हे सगळे त्यांना काल घडल्यासारखे आठवत होते. या प्रसंगाने मनावर न पुसणारा ठसा उमटवला, अशी नोंद त्यांनीच केली आहे. शाळेत वेगळ्या तरटावर बसावे लागते, शिपाई आला तरच नळाचे पाणी मिळते, हे त्यांना आधीपासून माहीत होते. पण रोजच्या अपमानाची मनाला एक सवय होते. त्या संध्याकाळी नवे कपडे घालून, आनंदात असताना, परक्या मुलखात, मोठे माणूस जवळ नसताना घाव बसला.

मनाच्या आघाताचे वर्म इथेच आहे. घटना किती मोठी यावर सगळे अवलंबून नसते. ती घडली तेव्हा लेकरू किती लहान होते, किती वेळा घडली, आणि त्या वेळी जवळ घेणारे कुणी होते की नव्हते, यावर जखमेची खोली ठरते. मारणारा परका असेल तर मूल पळत घरी येते. मारणारा घरातलाच असेल तर त्याने पळायचे कुठे?

आता त्या कडीकडे येऊ. माणसाच्या मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो. त्याचे काम गिरणीच्या भोंग्यासारखे. धोका दिसला की तो वाजतो. मग अंगात ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल अशी रसायने सुटतात, छाती धडधडते, हातपाय आवळतात, भूक मरते. साप समोर आला तर हे उपयोगाचेच आहे. पण ज्या पोराच्या घरी आठवड्यातून चार रात्री साप येतो, त्याचा भोंगा बारीक आवाजालाही वाजायला शिकतो. कडीचा आवाज, दारूचा वास, कुणाचा तरी चढलेला सूर, भांडे पडल्याचा खणखणाट. “थांब, हा तर आपला पोरगा आलाय” असे सांगणारा मेंदूचा पुढचा भाग हळू काम करतो आणि तो पुरता पिकायला पंचविशी उजाडते. भोंगा आधी वाजतो, विचार मागून येतो. तोपर्यंत माणूस ताटावरून उठलेला असतो. म्हणजे त्या गृहस्थांनी अंगावर धाव घेतली ती पोराच्या नव्हे, वीस वर्षांपूर्वी मेलेल्या बापाच्या. पोराला हे कसे कळावे? त्याला एवढेच कळते की दिवसभर राबून आलो आणि बापाने शिवी घातली.

कुणी म्हणेल, ही तर गरिबाघरची, दारुड्याघरची गोष्ट झाली. तसे नाही. अमेरिकेत सॅन डिएगो शहरात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करत असत. वजन चांगले उतरत असलेली माणसेच मध्येच उपचार सोडून जातात हे पाहून ते चक्रावले. विचारपूस केल्यावर त्यांतल्या अनेकांवर लहानपणी अत्याचार झाल्याचे कळले. कुणाकुणाला अंगावरची चरबी म्हणजे संरक्षणच वाटत होते. त्यातून त्यांनी डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासोबत १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून अधिक लोकांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले. मारहाण, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष, घरातली दारू, आईला होणारी मारहाण, आईबापांची ताटातूट, घरातले कुणी तुरुंगात असणे, असे हे प्रश्न. पहिला अहवाल १९९८ मध्ये आला. ही माणसे बहुतेक शिकलेली, नोकरीधंद्याची, विमा असलेली होती. तरीही जवळजवळ तिघांतल्या दोघांनी यातले एक तरी भोगलेले होते. ज्यांनी चार किंवा अधिक गोष्टी भोगल्या होत्या त्यांच्यात दारूचे व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त आढळले. हृदयविकारासारखे शरीराचे आजारही त्यांच्यात जास्त होते. त्या प्रश्नावलीत जातीचा प्रश्न नव्हता. तो असता तर आपल्या बापजाद्यांचे काय उत्तर आले असते, हे दया पवारांचे ‘बलुतं’ किंवा शरणकुमार लिंबाळ्यांचे ‘अक्करमाशी’ वाचलेल्यांना सांगायला नको.

मागल्या जन्माचे पाप नव्हे

आपल्याकडे अशा माणसाला काय म्हणतात? त्याचा सोभावच तसा. नशीब. ग्रह. अंगात काहीतरी शिरलंय, बाहेरचं बघा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनसुद्धा माणसे गुपचूप देवऋष्याकडे नेली जातात, हे आम्ही पाहिले आहे आणि लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही. अशा उपचाराच्या नावाखाली माणसाला मारणे, साखळीने बांधणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षा आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना मागल्या जन्माच्या कर्माने या जन्मीचे भोग येतात ही कल्पना ठामपणे नाकारली. दुःखाला कारण असते आणि ते इथेच, या जगात शोधायचे असते. ज्याला कारण आहे त्याच्यावर इलाजही संभवतो. रागीट बाप, बोलणे सोडलेली बायको, कुणावरच विश्वास न ठेवणारा मुलगा, यांच्याकडे पाहताना आपण धम्माची ही साधी कसोटी वापरत नाही. ‘असा का वागतोस?’ म्हणून आपण ओरडतो. ‘तुझ्यावर लहानपणी काय बेतलं होतं?’ असे कुणी विचारत नाही.

मोठेपणी ही जखम नेहमी रागाच्याच रूपाने दिसते असे नाही. किंबहुना बायकांमध्ये ती फार वेळा गप्प राहण्यातून दिसते. लहानपणी आई सारखी भांडण सोडवायला पळायची, म्हणून थोरल्या मुलीने चुलीपासून धाकट्या भावंडांपर्यंत सगळे सांभाळले. ही मुलगी लग्नानंतरही सगळ्यांचे करत राहते. नणंद, दीर, सासू, शेजारीण, कुणालाच ‘नाही’ म्हणू शकत नाही. सगळे तिला गुणाची म्हणतात. तिचे डोके मात्र आठवड्यातून तीनदा दुखते, कंबर धरते, रक्त-लघवीचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात, आणि डॉक्टर ताकदीची गोळी लिहून देतात.

कुणाला प्रेमाचाच संशय येतो. नवरा चांगला वागला की वाटते, आता याला काहीतरी हवे असेल. फोन उचलला नाही की वाटते, हा सोडून गेला. मग सोडून जाण्याच्या आधी आपणच भांडण काढायचे. लहानपणी आई गेलेली किंवा आईबापांनी कुणाच्या तरी दारात ठेवलेली माणसे असे वागताना दिसतात. कोरोनाच्या दोन वर्षांत आईबाप गमावलेली लेकरे आपल्या वस्त्यांतही आहेत; २०१९ च्या महापुरात अंधारात होडीतून काढलेली पोरे पंचगंगेकाठच्या वस्त्यांत आता वयात येत आहेत. पाऊस लागला की त्यातले एखादे पोर रात्रभर जागे राहत असेल तर त्याला भित्रे म्हणू नका.

आणि कुणी काहीच वाटून घेत नाही. बायकोने रडून सांगितले तरी हा टीव्ही बघतो. लोक म्हणतात, दगड आहे. पण ज्या घरात रडल्यावर जास्त मार बसायचा, तिथे दगड होण्यावाचून त्या मुलाला मार्ग नव्हता. तेव्हा ते कवच उपयोगी पडले, आता तेच कवच संसारात आडवे येते.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर आमच्या लेखाचा गैरवापर होईल. लहानपणी मार खाल्ला म्हणून आता बायकोवर हात उचलण्याची मोकळीक कुणाला मिळत नाही. कारण कळणे वेगळे आणि माफी मिळणे वेगळे. मार खाणाऱ्या बाईने ‘त्यांचं बालपण वाईट गेलं’ म्हणून सोसत राहावे असे आम्ही अजिबात म्हणत नाही. तिच्यासाठी १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे, तातडीच्या वेळी ११२ आहे. शिवाय दाराआडून हे सगळे बघणारी तिची लेकरे आहेतच.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. मार खाऊनही पुष्कळ माणसे चांगली निघतात, हे खरे आहे. पण ती मारामुळे चांगली निघाली की मार खाऊनही? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात महाराष्ट्रही होता. दर तीन मुलांमागे दोघांनी मारहाण सोसल्याचे त्यात आढळले. मारल्याने माणूस घडत असता तर देशातली दोन तृतीयांश जनता एव्हाना सुशील झाली असती! शाळेत मारणे आणि मानसिक छळ करणे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंद केले. घरातल्या लाटण्याला आणि पट्ट्याला अजून तसा कायदा नाही, तिथे पंचशीलातले पहिले शील आहे.

याच्या जोडीला आणखी एक गैरसमज आहे आणि तो आपल्या समाजात जास्त आहे. ‘बाबासाहेबांनी किती सोसलं, म्हणून तर ते एवढे मोठे झाले.’ कोल्हापूरकर त्यात शाहू महाराजांची भर घालतात: आई तीन वर्षांचे असताना गेली, दहाव्या वर्षी दत्तक आले, बारा पूर्ण व्हायच्या आत वडीलही गेले. दोघांचे मोठेपण निर्विवाद आहे. पण शाळेच्या नळावर शिपायाची वाट बघत तहानलेली उभी राहिलेली पोरे गावोगाव हजारो होती. त्यातल्या एका भीमरावाचे पुढे काय झाले हे आपल्याला माहीत आहे. बाकीच्यांची नावेसुद्धा राहिली नाहीत. दुःखाने माणूस मोठा होतो असे म्हणणे त्या बाकीच्यांवर अन्याय करणारे आहे. आणि आज वसतिगृहात, कॉलेजात ‘सवलतवाले’ म्हणून टोमणे ऐकणाऱ्या आपल्या पोराला ‘बाबासाहेबांनी सोसलं, तूही सोस’ असे सांगू नये. त्याला जवळ बसवून नेमके काय झाले ते विचारावे, गरज पडली तर तक्रार करायला सोबत जावे.

एक तरी भरवशाचे माणूस

मग काही मुले सावरतात ती कशामुळे? हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मापासून थेट प्रौढ वयापर्यंत मागोवा घेतला. गरिबी, भांडणे, व्यसन, आजार अशा घरांतून आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुले पुढे कर्ती, प्रेमळ माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट समान होती: आई नाही तर आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक, कुणीतरी एक माणूस त्यांच्या बाजूने कायम उभे होते.

आपल्याकडे याचे दाखले कमी आहेत का? महामायेचे निधन झाले तेव्हा सिद्धार्थ सात दिवसांचा होता. महाप्रजापती गौतमीने त्याला वाढवले. भीमरावांना आत्या मीराबाई होत्या, पहाटे उठवून अभ्यास घेणारे वडील होते, आणि मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र हाती देणारे केळुसकर गुरुजी होते. हे एक माणूस रक्ताचेच असावे लागत नाही. वस्तीतली अंगणवाडीची ताई असू शकते, विहारातले काका असू शकतात, तालमीतला वस्ताद असू शकतो. मुलाने सांगितलेले ऐकून घेणे, लगेच उपदेश न करणे आणि उद्याही तिथेच असणे, एवढे त्याला पुरते.

सगळ्यात अवघड विषय लैंगिक अत्याचाराचा. तो करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो, पुष्कळदा नात्यातलाच. मूल सांगते तेव्हा घरातले म्हणतात, ‘कुणाला बोलू नकोस, अब्रू जाईल.’ मूल गप्प बसते आणि दोष आपलाच असे धरून मोठे होते. त्या मुलीला पुढे नवऱ्याचा स्पर्श नकोसा होतो आणि कारण तिलाही सांगता येत नाही. मुलांवरही अत्याचार होतात, त्यांच्यासाठी तर बोलायला शब्दच नसतात. २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी दोघांनाही संरक्षण देतो. असे काही कळले तर ते पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ हा फोन आहे. आणि ज्या भगिनीच्या बाबतीत हे तीस वर्षांपूर्वी घडले तिने हे वाचले असेल, तर तिच्यासाठी एवढेच: दोष तुमचा नव्हता. आठ वर्षांच्या लेकराचा दोष असूच शकत नाही.

घरात काय करता येईल? तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. एक बाण लागतो तो बाहेरून. त्याच्यामागून आपण स्वतःला दुसरा बाण मारून घेतो, ‘मीच नालायक’, ‘माझंच नशीब फुटकं’. लहानपणी लागलेला पहिला बाण आता परतवता येत नाही. दुसऱ्यावर मात्र काम करता येते. सुरुवात ओळखण्यापासून होते. कशाने आपला भोंगा वाजतो? आवाज, वास, विशिष्ट शब्द, एखादा सण, पगाराचा दिवस? ते ओळखले की घरच्यांना सांगावे, शांत वेळी, भांडणाच्या वेळी नव्हे. भोंगा वाजलाच तर पाय जमिनीवर घट्ट टेकवावेत, समोरच्या पाच वस्तू मनात मोजाव्यात, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. त्याने शरीराला कळते की आता आपण गोधडीत नाही, आपण पन्नास वर्षांचे आहोत आणि हे घर आपले आहे.

आनापानसतीबद्दल एक सावधगिरीची सूचना. श्वासावर लक्ष ठेवण्याचा पुष्कळांना फायदा होतो. पण ज्यांच्या आठवणी फार जहरी आहेत त्यांनी डोळे मिटून बसले की कधीकधी त्याच उसळून वर येतात आणि माणूस अधिक घाबरतो. अशांनी डोळे उघडे ठेवावेत, पाच मिनिटेच बसावे, कुणाला तरी जवळ बसवावे. आळत्याच्या धम्मालय केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराला जायचे असेल आणि मानसिक आजाराचे औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि अर्जात ते खरे लिहावे. ध्यानाला बसलो म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. धम्म म्हणजे औषधाचा शत्रू असे ज्यांना वाटते त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. आजारी भिक्खूच्या औषधाची काळजी तथागत स्वतः करत असत.

झोप नाही, कशातच मन लागत नाही, दारू वाढत चालली आहे, हात उचलला जातो आहे, जगण्यात अर्थ वाटत नाही, यातले काहीही दोन आठवड्यांहून जास्त चालले असेल तर घरगुती उपायांवर थांबू नका. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सोबत घ्या. आपल्या पेठेतून बिंदू चौकावरून पुढे गेले की सीपीआर आहे. तिथे केस पेपर काढताना ‘मानसोपचार विभाग’ एवढे म्हटले की पुरे. त्या विभागासमोर ओळखीचे कुणी भेटेल या भीतीने लोक जात नाहीत. भेटलेच तर तेही त्याच कामाला आलेले असणार. नैराश्यावरच्या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही, पण गुण यायला काही आठवडे जातात, म्हणून आठ दिवसांत सोडू नयेत. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागते. त्या शेजाऱ्याकडून मागून किंवा चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत. नुसत्या औषधाने हे दुखणे पुरते जात नाही, समुपदेशकाशी बोलणेही तितकेच लागते. जायला जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी फोन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेला. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. मानसिक उपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने आपला हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत.

फौंड्रीतले ते गृहस्थ सीपीआरला जायला तीन महिने तयार नव्हते. “मी काय येडा हाय का?” हेच पालुपद. शेवटी मंडळींनी स्वतःच्या डोकेदुखीचा केस पेपर काढला आणि ‘सोबत चला’ म्हणून त्यांना नेले. आता दोघेही जातात. दारू ते पीत नव्हतेच. झोप सुधारली आहे, राग पुष्कळ कमी आहे, गेलेला नाही.

पोराला त्यांनी एका रविवारी दुपारी जवळ बसवून गोधडीची गोष्ट सांगितली. पोरगा पंचवीस वर्षांचा, त्याने आजोबांना पाहिलेलेही नव्हते. त्याने काही उत्तर दिले नाही. पण त्या रात्रीपासून तो बोळाच्या तोंडाशी आला की कडीला हात लावायच्या आधीच हाक मारतो, “पप्पा, मी हाय!” परवा फोनवर बोलत आला आणि हाक मारायची विसरला. कडी वाजली. गृहस्थांचा घास हातातच राहिला, हात थरथरला. मंडळी म्हणाल्या, “पोरगं हाय तुमचं.” त्यांनी एक श्वास सोडला, घास तोंडात घातला आणि बसल्या जागेवरून सांगितले, “उघडच हाय दार, ये. ताट घे.”